सीएसएमटीसमोरची महापालिकेची इमारत आतून बघायची आहे, कशी जमवायची? आणि तिचा इतिहास कुणी सांगेल का?

मीनल_भांडुप

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे. शाळेत प्रत्येकाने मुंबईतली एक जुनी वास्तू निवडायची, तिथे स्वतः जाऊन यायचं आणि मग वर्गात दहा मिनिटं बोलायचं असं ठरलंय. बहुतेक मुलांनी गेटवे नाहीतर सीएसएमटी स्टेशन घेतलं, आमच्या हिने समोरची महापालिकेची इमारत घेतली. का घेतली विचारलं तर म्हणाली की स्टेशनचे फोटो सगळे काढतात आणि ते काढताना ज्या इमारतीकडे पाठ करून उभे असतात ती मला बघायचीय. मला आवडलं ते.

पण आता माझी पंचाईत अशी की त्या इमारतीबद्दल मला स्वतःला काहीच माहीत नाही, आयुष्यभर बाहेरूनच बघितलीय, रात्री लायटिंग असतं ते छान दिसतं एवढंच. आत सोडतात का? कुठल्या वारी जायचं? आत गेल्यावर नेमकं काय बघायचं? आणि इतिहास, पण प्लीज असा की जो तिला वर्गात सांगता येईल, नुसती सनावळी नको. नेटवर जे सापडतं ते सगळं एकाच छापाचं आहे, गॉथिक शैली, स्टीव्हन्स, संपलं. बरोबर सासूबाईही येतील, त्यांना फार चालवत नाही पण यायची हौस दांडगी आहे.

फोर्टातली_नोकरी

मीनलताई, जाता येतं, नक्की जा. जानेवारी २०२१ पासून पालिकेने मुख्यालयात हेरिटेज वॉक सुरू केला, शनिवार-रविवारी, गाइड बरोबर असतो आणि तो मुख्य जिना, सभागृह वगैरे फिरवून दाखवतो. त्याच्या आधी काही काम असल्याशिवाय सामान्य माणसाला आत हिंडायची सोयच नव्हती, त्यामुळे हा फार मोठा बदल आहे. तिकीट आणि वेळा बदलत असतात म्हणून ज्या आठवड्यात जायचं त्या आठवड्यात ऑनलाइन बुकिंग सुरू आहे ना ते बघूनच निघा. नुसतं जाऊन गेटवर उभं राहून उपयोग नाही, बंदोबस्त असतो, बॅगा तपासतात. तुमचं आणि सासूबाईंचं आधार आणि मुलीचं शाळेचं ओळखपत्र ठेवा जवळ. फोटो कुठे काढू देतात कुठे नाही ते गाइडला आधीच विचारून घ्या, ऑफिसं आहेत ती, म्युझियम नाही. आणि शक्यतो शनिवार धरा, रविवारी आपल्या सेंट्रलला मेगाब्लॉक असतो, भांडुपहून स्लो पकडून वृद्ध माणसाला घेऊन येणं म्हणजे फार हाल होतात.

आता बाहेरून बघायचं कसं ते सांगतो, कारण माझ्या मते अर्धी मजा तिथेच आहे आणि त्याला तिकीट लागत नाही. स्टेशनमधून बाहेर पडून सबवेने पालिकेच्या बाजूला वर या आणि लगेच गेटकडे जाऊ नका, जरा मागे सरून कोपऱ्यावर उभे रहा. दादाभाई नौरोजी रोड आणि महापालिका मार्ग तिथे एकमेकांना तिरके येऊन मिळतात, त्यामुळे प्लॉट तिकोनी झालाय, आणि इमारत त्या दोन रस्त्यांना धरून बांधलीय, म्हणजे पुस्तक अर्धवट उघडून उभं ठेवावं तशी, दोन बाजूंना दोन लांब पाखं आणि जिथे ती जुळतात तो टोकाचा भाग स्टेशनकडे तोंड करून. मुख्य दरवाजा तिथेच, जिना तिथेच, आणि वर मनोरा आणि घुमटही बरोबर तिथेच. साधारण २३५ फुटांचा मनोरा आहे. अडचणीचा प्लॉट मिळाला म्हणून रडत न बसता त्या आर्किटेक्टने त्याच अडचणीचा दर्शनी भाग केला, हे तुमच्या मुलीला तिथे उभं करून दाखवा, फोटोत ते कळत नाही.

मग नजर वर न्या. दरवाजाच्या वरच्या भागात पंख असलेली एक दगडी स्त्री उभी आहे. ती म्हणजे मुंबई नगरी. ‘उर्ब्ज प्रायमा इन इंडिस’, हिंदुस्थानातलं पहिलं शहर, अशी तेव्हा मुंबईची शान होती ती त्या मूर्तीतून दाखवलीय. आणि समोर स्टेशनच्या घुमटावरही एक बाई उभी आहे, ती प्रगतीची मूर्ती. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. पण स्टेशन बघून मग पालिका बघितली की लक्षात येतं की इथले घुमट जास्त फुगीर आहेत, आपल्याकडच्या मशिदी-मकबऱ्यांच्या वळणाचे, कमानींना पाकळ्या आहेत. म्हणजे खालून युरोपातलं गॉथिक आणि वर जाता जाता हिंदुस्थानी. मला वैयक्तिक विचाराल तर मला पालिकेची इमारत स्टेशनपेक्षा जास्त आवडते, स्टेशन पसरलंय, ही उभी राहिलीय.

इतिहासाचं इथे दुसरं कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

दगड_आणि_माणसं

सांगतो. जरा लांब होईल, पण मुलीला उपयोगी पडेल असं बघतो.

स्टीव्हन्सपासून सुरुवात करू नका असं माझं म्हणणं आहे. तो मोठा आर्किटेक्ट होताच, इंग्लंडातल्या बाथचा, १८६७ मध्ये सरकारी नोकरीत इकडे आला, व्हीटी म्हणजे आजचं सीएसएमटी केलं, रिगल सिनेमाजवळचं सेलर्स होम केलं जिथे आज राज्य पोलिस मुख्यालय आहे, चर्चगेटसमोरची रेल्वेची इमारत केली, १९०० मध्ये मुंबईतच वारला. पण पालिकेची इमारत ही आधी पालिकेची गोष्ट आहे आणि ती इमारतीच्या बऱ्याच आधी सुरू होते.

१८६५ मध्ये मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. हो, तोच मार्केटवाला. कामाचा झपाटा प्रचंड होता त्याचा, रस्ते, गटारं, मार्केट, शहर साफ करायला घेतलं, पण पैशाला धरबंद राहिला नाही आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं, सगळी सत्ता एका माणसाच्या हातात. कर भरणारे लोक खवळले. १८७०-७१ च्या सुमाराला सभा व्हायला लागल्या, त्यात नुकताच बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण होता, फिरोजशहा मेहता. त्याचं म्हणणं असं की माणूस बदलून उपयोग नाही, लोकांनी निवडलेली माणसं तिथे बसली पाहिजेत आणि कमिशनरने त्यांना उत्तर दिलं पाहिजे. १८७२ चा कायदा त्यातून आला. ६४ सभासद आणि त्यातले निम्मे, म्हणजे ३२, कर भरणाऱ्यांनी निवडलेले. पुढच्या वर्षी, १८७३ मध्ये, ही कॉर्पोरेशन पहिल्यांदा बसली. नंतर १८८८ चा कायदा झाला, त्यातही मेहतांचा मोठा वाटा, आणि आजही, बदल होत होत का होईना, मुंबई महापालिका त्याच १८८८ च्या कायद्यावर चालते. तर ही सगळी मंडळी तोवर दुसऱ्या जागांतून कारभार करत होती, आधी गिरगाव बाजूला आणि मग काळा घोड्याजवळ. स्वतःचं घर हवं ही गरज तिथून आली.

पायाभरणी झाली डिसेंबर १८८४ मध्ये, लॉर्ड रिपनच्या हस्ते. आता हा तपशील वर्गात सांगण्यासारखा आहे, कारण रिपन म्हणजे तो व्हॉइसरॉय ज्याने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला, गावांचा-शहरांचा कारभार तिथल्या लोकांनी बघावा म्हणून. डिसेंबर १८८४ म्हणजे त्याच्या कारकिर्दीचे शेवटचे दिवस, मुंबईहून बोटीने तो परत जायचा होता आणि लोकांनी त्याला निरोप देताना जी गर्दी केली ती एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याला क्वचितच मिळाली असेल. त्या माणसाच्या हातून नगरपालिकेच्या घराचा पाया घातला जाणं हे उगाच नव्हतं.

पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायला एप्रिल १८८९ उजाडला. मधल्या काळात कुठलं डिझाइन घ्यायचं यावर खल चालू होता, चिझम म्हणून एक आर्किटेक्ट होता, मद्रासला नाव कमावलेला, त्याचा आराखडाही होता, शेवटी स्टीव्हन्सचा घेतला. १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. खर्चाचा अंदाज ११ लाख ८८ हजारांच्या घरातला होता आणि काम त्याच्या आत बसलं. सव्वाचार वर्षांत एवढी इमारत, आणि पैसे वाचवून!

ते कुणी करून दाखवलं? इथे मला मुलीला विनंती करायचीय की ही दोन नावं वर्गात मोठ्याने घे. कामावर देखरेख करणारे इंजिनीअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि कंत्राटदार होते व्यंकू बाळूजी कालेवार.

कालेवार हे मुंबईच्या तेलुगू समाजातले. तेलंगणातून बांधकामाच्या कामाला आलेल्या या लोकांना मुंबईत कामाठी म्हणायचे, कामाठीपुरा त्यांचाच. दगड फोडणारे, गवंडी, आणि त्यांच्यातूनच वर आलेले मोठमोठे कंत्राटदार. आपण ज्याला ब्रिटिश मुंबई म्हणतो ती हाताने उभी करणाऱ्यांत ही माणसं आघाडीवर होती. आणि कालेवारांची दुसरी ओळख अशी की ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे मुंबईतले कार्यकर्ते. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घ्यायचे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यामुळे ही मुंबईची कंत्राटदार मंडळी आणि फुले यांचं नातं विचारांचंही होतं आणि धंद्याचंही. ११ मे १८८८ ला मांडवी कोळीवाड्यात सभा भरवून मुंबईच्या लोकांनी जोतीरावांना ‘महात्मा’ म्हटलं. त्यानंतर वर्षाच्या आतच या इमारतीचं काम सुरू झालं, आणि ते चालू असतानाच, नोव्हेंबर १८९० मध्ये, जोतीराव गेले.

म्हणून माझं सांगणं, इमारत बघून झाली की तिथून डीएन रोडने सरळ चालत क्रॉफर्ड मार्केटला जा. त्याचं आजचं नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. ज्या कमिशनरच्या कारभारावरून लोकांनी पालिकेत स्वतःचा आवाज मागितला त्याच्या नावाचं मार्केट, आणि आता त्यावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या अनुयायाने पालिकेचं घर बांधलेलं. रमतगमत दहा मिनिटांचं अंतर आहे. तुमच्या लेकीच्या दहा मिनिटांच्या भाषणाला याच्यापेक्षा चांगला माल मिळायचा नाही.

हेडऑफिस_निवृत्त

वरचं वाचून फार बरं वाटलं. मी तिथेच नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झालो. आम्ही कर्मचारी त्याला हेड ऑफिसच म्हणायचो.

मीनलताई, आत गेल्यावर पहिल्यांदा जिन्याच्या मधोमध उभं राहून वर बघायचं. घुमट बरोबर डोक्यावर आहे. खालची नक्षी, खांब, कमानी बघण्यात माणसं इतकी रमतात की वर बघायचं राहून जातं, आणि उजेड जो खाली उतरतो तो बघायला सकाळची वेळ चांगली. मी इतकी वर्षं तो जिना चढलो पण नवीन कुणी बरोबर असलं की त्याला तिथे थांबवायचोच. मुंबईच्या उन्हातून आत आलं की जो गारवा लागतो तोही बघा, जाड दगडी भिंती, उंच छत आणि बाहेरच्या बाजूने व्हरांडे, पंखे नव्हते तेव्हाही लोक इथे काम करत होते आणि त्या हिशेबानेच बांधलंय. दगडाबद्दल थोडं सांगतो. त्या काळात मुंबईच्या मोठ्या इमारतींना इथल्याच आसपासच्या खाणींतला, कुर्ला-मालाडकडचा दगड वापरायचे, आणि बारीक नक्षीकामाला पोरबंदरचा दगड मागवायचे कारण तो मऊ असतो, छिन्नीला ऐकतो. पण मऊ असल्यामुळेच तो समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि गाड्यांच्या धुराने झिजतो सुद्धा. मुलीला म्हणावं कडा नीट बघ, कुठे जुनं काम आहे आणि कुठे दुरुस्ती झालीय ते ओळखता येतं का.

मग सभागृह. ६५ फूट लांब, ३२ फूट रुंद आणि ३८ फूट उंच, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. त्यामुळे आत शिरल्यावर माणूस आपोआप आवाज खाली आणतो. लाकूडकाम, महापौरांचं उंचावरचं आसन, समोर सभासदांच्या जागा, वर प्रेक्षकांची गॅलरी. २००० साली इथे आग लागली होती आणि सभागृहाचं फार नुकसान झालं, ते बघताना आम्हा लोकांना घरचं काही जळावं तसं वाईट वाटलं होतं. नंतर पुन्हा जुन्या रूपात उभं केलं. तुम्ही बघाल ते त्यानंतरचं आहे, पण करणाऱ्यांनी मनापासून केलंय.

याच सभागृहात मुंबईचं किती काय ठरलं. १९३१ पर्यंत कॉर्पोरेशनच्या प्रमुखाला प्रेसिडेंट म्हणायचे, तेव्हापासून महापौर. पहिले महापौर बोमन बेहराम. पहिल्या महिला महापौर सुलोचना मोदी, १९५६ ला, हे मुलीला जरूर सांगा. डॉक्टर अकासियो व्हिएगस यांचं नावही सांगा, १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखणारे ते हेच, ते पुढे कॉर्पोरेशनचे प्रेसिडेंट झाले. म्हणजे इमारत पूर्ण होऊन जेमतेम तीन वर्षं झाली तोवर शहरावर प्लेग आला, हजारो माणसं मुंबई सोडून गेली, आणि त्या संकटात हे नवं कोरं घर कामाला लागलं. स्वच्छता, घरं, गटारं, या विषयांना तेव्हा जी निकड आली ती पुढे गेली नाही कधीच.

आणि एक गोष्ट जी टूरमध्ये दाखवत असतील-नसतील. मागच्या बाजूला विस्तारित इमारत आहे, साधी, चौकोनी, स्वातंत्र्यानंतरची. लोक तिच्याकडे बघतही नाहीत, पण मुंबईचा कारभार जुन्या इमारतीत मावेनासा झाला म्हणून ती बांधावी लागली आणि रोजचं खरं काम बरंचसं तिथे चालतं. मुंबईचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष मुख्यालयातच आहे, आज तुम्ही १९१६ नंबर फिरवता तो फोन तिथे वाजतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी घरी जाऊ शकलो नाही, रात्र ऑफिसातच काढली, माझ्यासारखे पुष्कळ जण होते, फोन ठेवला की पुन्हा वाजायचा आणि पलीकडचं माणूस रडत असायचं. त्या रात्रीनंतर मला त्या इमारतीकडे नुसती सुंदर वास्तू म्हणून बघता आलेलं नाही.

एक_प्रश्न_आहे

सगळं वाचलं, माहिती छान आहे, पण मनात येतं ते विचारतो. शेवटी ही साहेबाच्या राज्यातली इमारत, साहेबाच्या दिमाखासाठी बांधलेली. आपण तिचं इतकं कौतुक करायचं का? फुले, कालेवार वगैरे जोडून ती आपली होते का? मुलांना हे पण सांगायला हवं ना.

दगड_आणि_माणसं

सांगायला हवंच, प्रश्न अगदी योग्य आहे.

दिमाख होताच. पण पैसा लंडनहून आला नव्हता, मुंबईच्या लोकांच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून आला होता. समोरचं स्टेशन रेल्वे कंपनीचं, जीआयपीचं, ते कंपनीने आपल्या धंद्यासाठी बांधलं. पालिकेची इमारत शहराने स्वतःसाठी बांधली. ज्या सभागृहाने खर्चाचा एकेक रुपया मोजला तिथे निवडून आलेले हिंदी लोक बसत होते. पंख असलेली बाई वर ठेवलीय ती राणी नाहीये, मुंबई आहे. हा फरक मला मोठा वाटतो.

आणि तुमच्या बाजूचंही सांगतो. मत कुणाला होतं? ठराविक कर भरणाऱ्यालाच. म्हणजे ज्या कामाठ्यांनी दगड घडवले, ज्या बायांनी डोक्यावर घमेली वाहिली, ज्या गिरणी कामगारांच्या घामावर हे शहर पहिल्या नंबरचं झालं, त्यातल्या बहुतेकांना आत कोण बसणार हे ठरवायचा काडीचा अधिकार नव्हता. प्रौढ मतदानाने पालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ ला. इमारत पूर्ण झाल्यावर पंचावन्न वर्षांनी! तेव्हा कुठे ते घर सगळ्यांचं झालं. मुलीने हे दोन्ही सांगावं, एक सांगून दुसरं झाकू नये. आणि २०२२ ला मुदत संपल्यावर बराच काळ निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासकाकडे कारभार होता, त्या रिकाम्या खुर्च्यांचा फोटो पेपरात बघितला की मला फिरोजशहांची ती सुरुवातीची भांडणं आठवायची. लोकांनी निवडलेली माणसं तिथे बसलेली असणं हे त्या इमारतीचं खरं काम आहे, नक्षी नंतर.

जाता जाता, फिरोजशहांचा पुतळा बाहेरच आहे, मुख्य दरवाजासमोर. १९१५ ला ते गेले, १९२३ मध्ये पुतळा बसवला. एवढ्या इंग्रजी राजवटीत, एवढ्या मोक्याच्या जागी, एका हिंदी माणसाचा पुतळा, कारण लोक त्याला शहराच्या कारभाराचा बाप मानत होते. त्याच्याकडे बघितल्याशिवाय आत जाऊ नका.

मीनल_भांडुप

काय सांगू, डोळे भरून आले वाचताना. मी विचारलं होतं आत सोडतात का आणि तुम्ही लोकांनी एवढं दिलंत. मुलीला बसवून सगळं वाचून दाखवलं, कालेवारांचं ऐकून ती एकदम गप्प झाली आणि मग वहीत नाव लिहून घेतलं. निवृत्त काका, २६ जुलैचं वाचून सासूबाई पण हळव्या झाल्या, तेव्हा आमच्याकडे दोन दिवस फोनच लागत नव्हते.

आता दोन छोट्या शंका. आम्ही भांडुपचे, म्हणजे हे सगळं फोर्टातलं आमच्याशी कसं जोडायचं असं ती विचारतेय, तिला भाषणात आपला भाग आणायचाय. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय करू? जिने चढायला लागतील ना.

हेडऑफिस_निवृत्त

अहो भांडुपचे आहात तर हातात हुकमाचं पान आहे! १९५० मध्ये मुंबई पालिकेची हद्द पहिल्यांदा उपनगरांत वाढली तेव्हा पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुप इथपर्यंत आली. म्हणजे काही वर्षं तुमचं भांडुप हीच मुंबईची वेस होती, १९५७ ला ती पुढे मुलुंड आणि दहिसरला सरकली.

आणि पाणी. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही तुमच्या डोंगरापलीकडे. मग शहर वाढलं, तेवढं पाणी पुरेना, म्हणून थेट शहापूरकडून तानसाचं पाणी आणलं, ते काम पूर्ण झालं १८९२ ला. म्हणजे व्हीटीसमोर ही इमारत उभी राहत होती त्याच वर्षांत तीच पालिका इतक्या लांबून नळ टाकत होती. इमारत सगळे बघतात, नळांकडे कुणी बघत नाही, पण माझ्या लेखी तानसा हे जास्त मोठं काम. पुढे वैतरणा आली, भातसा आली, आणि आज मुंबईचं कितीतरी पाणी शुद्ध होतं कुठे तर भांडुप कॉम्प्लेक्सला, तुमच्या घरामागे. तानसाची ती जुनी पाइपलाइन तुमच्या भागातूनच जाते, तिचा एक फोटो मुलीने काढावा आणि इमारतीच्या फोटोच्या बाजूला लावावा.

फोर्टातली_नोकरी

गुडघ्यांचं असं करा, बुकिंग करताना किंवा आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा की बरोबर ज्येष्ठ नागरिक आहेत, जिना जमणार नाही. तिथल्या तिथे सांगितलं तर गाइडची धांदल होते, बाकी ग्रुप पुढे निघून जातो. तरीही नाहीच जमलं तर तुम्ही आणि मुलगी आलटून पालटून त्यांच्याजवळ थांबा, खालचा दरवाजा, पुतळा आणि वरची मूर्ती एवढं बघूनही त्यांचा दिवस फुकट जाणार नाही. सबवेला पायऱ्या आहेत त्या त्यांना जड जातील, त्यापेक्षा स्टेशनबाहेरच्या पोलिसाला विचारून सिग्नलवरून रस्ता ओलांडा, गर्दीची वेळ टाळा.

भूक लागली तर लांब जायची गरज नाही. पालिकेच्या बाजूलाच कॅनन पावभाजी आहे, उभ्याने खायची, स्टेशनसमोर कॅपिटॉलच्या इमारतीत आराम आहे, तिथे सासूबाईंना बसायला मिळेल, वडा आणि पियूष घ्या. क्रॉफर्ड मार्केटला जायचं असेल तर त्यांना टॅक्सीत बसवा आणि मुलीला चालत न्या, डीएन रोडच्या कमानींखालून सावलीतून जाता येतं. मार्केटच्या दरवाजावर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची चित्रं आहेत, ती रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी, लॉकवुड किपलिंगने केलेली, ते इथे जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकवायचे. आणि जेजे मार्केटच्या समोरच आहे, पण तो दुसऱ्या दिवसाचा विषय, एका दिवसात दोन्ही कोंबू नका.

भाषण झालं की इथे टाका हो, कसं झालं ते.